छोटी लेन्स, मोठा कोन



समोरच्या टेबलावर मी दोन लेन्स ठेवल्या आहेत. मागच्या रांगेतील मंडळींना त्यांतली एक दिसत असेल. दुसरी दिसण्याचा संभव कमी. दोन्हींवर जर्मनीतील त्साइस या प्रसिद्ध संस्थेचे नाव आहे आणि दोन्ही प्रत्यक्षात तयार झाल्या त्या जपानमधील कोसिना या एकाच कारखान्यात. दोघींचे केंद्रांतर २१ मिलिमीटर. दोघींचे मोठ्यात मोठे छिद्र एफ/२.८. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर दोघीही सारख्याच रुंदीचा देखावा टिपतात. चित्राच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजला तर तो कोन नव्वद अंशांहून किंचित मोठा भरतो. म्हणजे भिंतीला पाठ लावून उभे राहिलात तर खोलीच्या दोन्ही बाजू चित्रात येतात.

पण मोठीचे नाव डिस्टागॉन. तिच्या तोंडावर बसणारे फिल्टर ८२ मिलिमीटर व्यासाचे आहे आणि तिच्या पोटात काचेची सोळा भिंगे आहेत. धाकटीचे नाव बायोगॉन. तिचे फिल्टर ४६ मिलिमीटरचे, पोटात भिंगे नऊ, आणि वजन मोठीच्या जेमतेम निम्मे. मोठी लेन्स माझ्या एका मित्राची आहे. त्याने ती आजच्यापुरती बऱ्याच मिनतवारीनंतर दिली आहे, तेव्हा व्याख्यानानंतर पाहायला येणाऱ्यांनी जरा जपून. (बोलण्याच्या सोयीसाठी मी आतल्या एकेका काचेला ‘भिंग’ म्हणेन आणि भिंगांच्या सबंध संचाला ‘लेन्स’ म्हणेन.)

काम एकच आणि छिद्रही एकच. मग एकीचा लोटा आणि एकीची वाटी का व्हावी? माझे आजचे सारे बोलणे या प्रश्नाभोवतीच आहे. उत्तर मात्र लेन्सच्या पोटात सापडत नाही, ते सापडते ती ज्या कॅमेऱ्यावर बसते त्या कॅमेऱ्याच्या पोटात.

मोठी लेन्स ज्या कॅमेऱ्यासाठी आहे त्याला सिंगल लेन्स रिफ्लेक्स म्हणतात. त्यात लेन्सच्या मागे आणि फिल्मच्या पुढे एक आरसा तिरपा बसवलेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जातो, प्रिझममधून वळतो आणि आपल्या डोळ्यात येतो. कळ दाबली की आरसा खटकन वर उचलला जातो, प्रकाश फिल्मवर पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. छायाचित्रकाराला याचा फायदा असा, की लेन्स जे पाहते तेच तो पाहतो.

धाकटी लेन्स रेंजफाइंडर कॅमेऱ्याची आहे. रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. या कॅमेऱ्यात आरसा नाही. पाहण्यासाठी वरच्या बाजूला स्वतंत्र खिडकी असते आणि तिच्यापासून काही अंतरावर दुसरी एक छोटी खिडकी असते. दोन खिडक्यांतून आलेली दोन चित्रे एकावर एक दिसतात. लेन्सचे कडे फिरवले की त्यांतले एक सरकते. समोरच्या माणसाची दोन नाके एक झाली, की त्याचे अंतर बरोबर लागले असे समजायचे. आपले दोन डोळे जवळ-दूर ओळखतात ते याच तत्त्वावर. ओस्कार बार्नाकने घडवलेला लायका कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला; लेन्सला जोडलेला अंतरमापक त्यात १९३२ साली आला, आणि त्याच वर्षी त्साइसचा काँटॅक्सही. पुढे १९५४ चा लायका एम-३ हा या जातीचा शिरोमणी ठरला. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि वृत्तपत्रांची मंडळी भराभर आरशाच्या कॅमेऱ्याकडे वळली. रेंजफाइंडर मागे पडला, पण मेला नाही. लायकाने आपला एम-६ हा फिल्मचा कॅमेरा २०२२ साली पुन्हा बाजारात आणला, यावरून त्याच्या चिवटपणाची कल्पना येईल.

आता आरशाकडे परत येऊ. आरसा वरखाली व्हायचा तर त्याला जागा हवी. म्हणून निकॉन एफमध्ये लेन्स बसण्याची कडी फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर पुढे ठेवावी लागली. लायका एम मध्ये हेच अंतर २७.८ मिलिमीटर आहे, आणि तिथेही मध्ये आरसा नसल्यामुळे लेन्सचा मागचा भाग कॅमेऱ्याच्या आत, शटरच्या पडद्याजवळ, खुशाल जाऊ शकतो.

केंद्रांतर २१ मिलिमीटर म्हणजे काय? साध्या एका भिंगाचे बोलायचे तर दूरचे चित्र त्याच्या मागे २१ मिलिमीटरवर स्पष्ट उमटते. शाळेत भिंगाने कागद जाळला नसेल असा मनुष्य या सभेत विरळा, तेव्हा अधिक सांगत नाही. म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सला आरशाची अडचण होत नाही, ती ४६ मिलिमीटर दूर सुखाने बसू शकते. पण २१ मिलिमीटरच्या लेन्सने फिल्मपासून २१ मिलिमीटरवर बसायचे, आणि नेमकी तिथेच आरशाची ये-जा. एका म्यानात दोन तलवारी राहात नाहीत, तसा हा पेच.

यावर सरळ तोडगा निघाला तो असा: लेन्स बसवायचीच आणि आरसा कायमचा वर करून टाकायचा. निकॉनची सुरुवातीची २१ मिलिमीटर एफ/४ लेन्स अशीच होती. ती लावायची तर आरसा आधी वर अडकवून ठेवायचा, आणि मग पाहायचे कशातून? वर एक वेगळी खिडकी लावून! म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्याने त्या वेळेपुरता रेंजफाइंडरचा वेष घ्यायचा.

दुसरा तोडगा बुद्धीचा होता. फ्रान्समध्ये पिएर अँजेन्यू यांनी १९५० साली ३५ मिलिमीटरची अशी लेन्स आणली, की जिच्या पुढे एक मोठे अंतर्गोल भिंग होते आणि मागे बहिर्गोल भिंगांचा संच. पुढचे भिंग किरणांना आधी फाकवते, मागचा संच त्यांना पुन्हा गोळा करतो. या फाकवण्यामुळे किरण एकत्र येण्याची जागा मागे सरकते, आणि केंद्रांतर लहान असूनही लेन्स आणि फिल्म यांच्या मध्ये आरशाला पुरेल एवढी मोकळी जागा राहते. अँजेन्यू यांनी या रचनेला ‘रेट्रोफोकस’ असे नाव दिले आणि ते पुढे साऱ्या जातीलाच चिकटले. टेबलावरची डिस्टागॉन याच जातीची. पण फाकवायचे आणि गोळा करायचे ही दोन्ही कामे एकमेकांविरुद्ध आहेत. त्यांतून नवे दोष उपजतात, ते काढायला आणखी भिंगे घालावी लागतात, आणि पुढचे भिंग तर थाळीएवढे होते. सोळा भिंगांचा हा संसार त्या एका आरशापायी मांडलेला आहे.

रेंजफाइंडरच्या लेन्सला यातले काही करावे लागत नाही. तिला फिल्मजवळ जायची मुभा आहे. आणि त्या मुभेतून तिला दुसरे एक मोठे भाग्य लाभते, ते म्हणजे सममिती.

विशालकोनी लेन्सच्या कडेला सरळ रेघा वाकतात हे आपण पाहिले असेल. दाराची चौकट पिंपासारखी फुगते, नाहीतर कमरेत आवळल्यासारखी दिसते. असे वाकणे भिंग छिद्राच्या पुढे आहे की मागे आहे, यावर अवलंबून असते. पुढचे भिंग ज्या बाजूला वाकवते, तेच भिंग मागे उलटे बसवले तर विरुद्ध बाजूला वाकवते. मग मध्ये छिद्र ठेवून दोन्ही बाजूंना सारखी भिंगे बसवली तर तराजूच्या पारड्यांप्रमाणे हे दोष परस्परांना फेडतात. दूरच्या वस्तूंच्या बाबतीत हा हिशेब पै-पैचा जुळत नाही, पण बऱ्याच अंशी जुळतो. वक्ररेषांप्रमाणेच कडेला दिसणाऱ्या रंगीत किनारीही अशाच कटतात. म्हणजे निसर्गाने अर्धे काम फुकट करून दिले.

ही युक्ती फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यापेक्षा जुनी आहे. १९०० साली जर्मनीत गोएर्झ या कंपनीसाठी एमिल फॉन होग यांनी हायपरगॉन नावाची लेन्स केली. तिच्यात भिंगे होती केवळ दोन, चेंडूच्या कवचाचे दोन तुकडे समोरासमोर धरावे तशी, आणि तिचा कोन सुमारे १३५ अंशांचा होता! अशी गोष्ट कागदावर सोपी आणि व्यवहारात अवघड. अवघडपणा होता तो उजेडाचा. मध्यभाग लख्ख उमटे आणि कडा काळोखात बुडून जात. त्यावर काढलेला उपाय ऐकून आपणांस हसू येईल. छिद्रासमोर ताऱ्याच्या आकाराचे एक छोटे चक्र बसवले होते. छायाचित्रकाराने रबरी फुगा दाबून त्यावर हवा सोडायची, चक्र भिरभिर फिरायचे आणि फिरता फिरता मध्यभागाचा प्रकाश अडवायचे. कडेचा मात्र जाऊ द्यायचे. काही वेळाने चक्र बाजूला पाडायचे आणि उरलेला प्रकाश घ्यायचा. जत्रेतल्या भिरभिऱ्याने असे शास्त्रीय काम दुसरीकडे कुठे केले असेल असे मला वाटत नाही.

कडा काळवंडतात याचे कारण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण छोट्या लेन्सवरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच. चित्राच्या कोपऱ्याकडे जाणारा प्रकाश तिरपा जातो. तिरपा जाताना त्याला अधिक लांबचा प्रवास करावा लागतो, आणि दिवा दूर नेला की उजेड वर्गाच्या प्रमाणात घटतो. शिवाय तो फिल्मवर तिरपा पडतो. सकाळचे ऊन जमिनीवर पसरून फिके पडते तसा तो पसरतो. आणि तिसरे म्हणजे, कोपऱ्यातून पाहिले तर लेन्सचे गोल छिद्र गोल दिसतच नाही, ताटली तिरपी धरल्यावर दिसते तसे चपटे दिसते. ही सारी घट एकत्र गुणली की कोनाच्या कोज्येचा चौथा घात येतो. आकडेच सांगायचे तर ५० मिलिमीटरच्या लेन्सला कोपऱ्यात मध्यभागाच्या सुमारे ७१ टक्के प्रकाश मिळतो. २८ मिलिमीटरला ३९ टक्के. २१ मिलिमीटरला २४ टक्के, म्हणजे पावहिस्सा देखील पुरता नाही. आणि १५ मिलिमीटरला? दहा टक्क्यांच्या आसपास!

रेट्रोफोकस लेन्स या शापातून बरीचशी सुटते, कारण तिचा मागचा संच फिल्मपासून दूर असल्यामुळे किरण फिल्मवर तितके तिरपे पडत नाहीत. म्हणजे मोठ्या लेन्सचा मोठेपणा अगदीच वाया जात नाही, हे न्यायाने कबूल केले पाहिजे.

पण सममित लेन्सवाले स्वस्थ बसले नव्हते. लेनिनग्राडचे मिखाइल रुसिनॉव हे हवाई नकाशांसाठी लेन्स आखत असत. विमानातून जमीन मोजायची तर रेघ वाकून चालत नाही आणि कोपरा काळा पडूनही चालत नाही. त्यांनी लेन्सच्या दोन्ही टोकांना मोठी, खोल वाकलेली अंतर्गोल भिंगे लावली. त्यांचा परिणाम असा, की तिरके पाहिले असताना छिद्र चपटे होण्याऐवजी फुगल्यासारखे दिसते आणि कोपऱ्याला थोडा अधिक प्रकाश पोचतो. चौथा घात तिसऱ्याच्या जवळ येतो म्हणा ना. पश्चिमेकडे लुडविग बेर्टेले यांनी याच वाटेने १९५० नंतर बायोगॉन आखली आणि १९५४ साली काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी २१ मिलिमीटर एफ/४.५ ची बायोगॉन विक्रीस आली. नव्वद अंशांचा कोन, रेघा सुतासारख्या सरळ, आणि आकार मुठीत मावणारा. टेबलावरची धाकटी हिच्याच घराण्यातली.

हे पन्नाशीच्या दशकातच का घडले आणि आधी का नाही, असे कुणी विचारील. याचे एक कारण काचेवरचा लेप. हवेतून काचेत शिरताना आणि बाहेर पडताना प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. हायपरगॉनला चारच पृष्ठभाग, तिचे निभले. पण सोळा पृष्ठभाग झाले की जवळजवळ निम्मा प्रकाश वाटेत गळतो, आणि गळलेला प्रकाश आतच घुटमळून चित्रावर धुके धरतो. १९३५ साली त्साइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणाऱ्या पातळ लेपाची कृती शोधली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सर्वांच्या हाती आली, आणि लेन्स आखणाऱ्याला भिंगे वाढवण्याची भीती उरली नाही. नव्या लेन्समध्ये लेपांचे अनेक थर असतात. जुन्यांहून नव्या सरस ठरतात त्यात या थरांचा वाटा मोठा. दुसरा वाटा गोलाकार नसलेल्या, म्हणजे कडेला मुद्दाम वेगळी वक्रता दिलेल्या भिंगांचा. असे एक भिंग दोन-तीन साध्या भिंगांचे काम करते, आणि तेवढ्याने लेन्स आखूड होते.

आखूडपणाचे रेंजफाइंडरवर एवढे कौतुक का, तेही सांगतो. या कॅमेऱ्याची पाहण्याची खिडकी लेन्सच्या वर, एका अंगाला असते. लेन्स लांब किंवा जाड झाली की तिचे नाक खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात घुसते आणि तेवढे चित्र झाकून टाकते. तिथे उभे असलेले मूल चित्रात आहे की नाही हे चित्र धुवून आल्यावरच कळायचे. म्हणून या कॅमेऱ्याला लहान लेन्स शोभते एवढेच नाही, तिची त्याला गरज आहे. उलट बाजूने, लेन्स मागे फार खोल गेली तरी पंचाईत. श्नायडरची २१ मिलिमीटर सुपर अँगुलॉन लायकावर फार नावाजली गेली, पण तिचा मागचा भाग एवढा आत जातो की पुढच्या काळातील लायकांच्या पोटातला प्रकाशमापक तिच्यामागे झाकला जातो आणि बिनकामाचा होतो. त्साइसच्या १५ मिलिमीटर होलोगॉनने (१९६९) तर कमालच केली. भिंगे तीन, छिद्र एफ/८ एवढे एकच, मागची काच फिल्मपासून अवघ्या काही मिलिमीटरवर, आणि कोपरे उजळावेत म्हणून मध्ये गडद व कडेला पारदर्शक असे खास फिल्टर सोबत. हायपरगॉनच्या भिरभिऱ्याचाच हा सुधारलेला अवतार.

एवढी शास्त्रचर्चा झाल्यावर मी माझा पक्ष सांगतो. कोपऱ्यांत उजेड कमी पडणे हा मला छोट्या लेन्सचा दोष वाटत नाही, ती तिची किंमत वाटते. आणि त्या किमतीत जे मिळते ते मला अधिक मोलाचे वाटते. जी लेन्स कॅमेऱ्यावरून फारशी पुढे येत नाही, तो कॅमेरा सदऱ्याखाली, पिशवीत, कोटाच्या खिशात राहतो. तो घरी राहात नाही. ८२ मिलिमीटरचा डोळा एखाद्याच्या तोंडासमोर धरला की तो मनुष्य तरी सावरून बसतो नाहीतर उठून जातो. चारपाच फुटांवरून छोटा कॅमेरा धरला तर चहाच्या टपरीवर चाललेले बोलणे चालूच राहते.

शिवाय विशालकोनी लेन्सला नेम धरत बसावे लागत नाही. २८ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवा आणि अंतर सव्वातीन मीटरवर लावा. सुमारे एक मीटर ६५ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला हेच करायला गेलात तर स्पष्टपणा पाच मीटरच्या पुढे सुरू होतो, म्हणजे रस्त्याच्या या कडेचा माणूस गेलाच. २१ मिलिमीटरला मीटरभरापासून पुढे सगळे मोकळे रान. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयुष्य काढलेले गॅरी विनोग्रँड लायकावर २८ मिलिमीटरची लेन्स लावून गर्दीत शिरत आणि डोळ्याला कॅमेरा लावून खाली घेईपर्यंत चित्र टिपलेले असे. १९८४ साली ते वारले तेव्हा टिपलेल्या पण न धुतलेल्या फिल्मचे सुमारे अडीच हजार रोल मागे राहिले. साधन फार सोपे झाले म्हणजे असेही होते!

आज अशा लेन्स कोण करते, हा प्रश्न साहजिक आहे. फिल्मचे दिवस गेले असे सर्वांनी धरले होते, त्याच काळात एका जपानी कारखान्याने उलटी चाल केली. नागानो प्रांतातील कोसिनाने, हिरोफुमी कोबायाशी यांच्या पुढाकाराने, १९९९ साली फोक्टलेंडर हे १७५६ पासूनचे नाव परवान्याने घेऊन १५ मिलिमीटरची सुपर वाइड हेलिआर बाजारात आणली. होलोगॉनसारखी चीज तोवर श्रीमंत संग्राहकांच्या कपाटात असे; ही सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आली. तिला अंतरमापकाची जोडही दिली नव्हती. मघाचा हिशेब करून पाहा: १५ मिलिमीटर, एफ/८, मग अर्ध्या मीटरपासून पुढे सारे स्पष्ट, मोजायचे कशाला? पुढल्या वर्षी त्यांनी १२ मिलिमीटरची काढली. (हेलिआर हे नाव १९०० सालच्या पाच भिंगांच्या लेन्सचे. नव्या लेन्सशी तिचे नात्यागोत्याचे काही नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवावे तसे.) त्याच कारखान्याची २१ मिलिमीटर एफ/३.५ ची कलर स्कोपार २०१८ मध्ये आणि २८ मिलिमीटर एफ/२.८ ची २०२३ मध्ये आली. दोन्ही सदऱ्याच्या खिशात मावतात.

इतरांनी जुनी पुस्तके पुन्हा छापावीत तसे केले. लायकाने १९५५ सालची आपली २८ मिलिमीटर एफ/५.६ सुमारॉन २०१६ मध्ये पुन्हा काढली. भिंगांची आखणी तीच, लांबी दोन सेंटिमीटरच्याही आत. एफ/५.६ म्हणजे संध्याकाळ झाली की घरी जायचे, आणि किंमत ऐकून दुपारीच घरी जावेसे वाटते! रुसिनॉव यांची २० मिलिमीटर रुसार २०१४ मध्ये रशियातील झेनिट कारखान्यातून पुन्हा बाहेर पडली. आणि जपानात मियाझाकी सादायासु नावाचे एक वृद्ध कारागीर थोड्या थोड्या संख्येने, जवळपास एकहाती, ‘पेरार’ नावाच्या लेन्स करीत आले आहेत. तीन भिंगांची ती रचना इंग्लंडात डेनिस टेलर यांनी १८९३ साली बांधलेली. २१, २४ आणि २८ मिलिमीटरच्या या लेन्स कॅमेऱ्यावर लावल्या तर झाकण बसवले आहे की लेन्स, हे चटकन ओळखू येत नाही.

यात एक गंमत घडली आहे. अंकीय कॅमेरे आले तेव्हा वाटले की छोट्या लेन्सना नवे घर मिळाले. लायकाचा पहिला अंकीय रेंजफाइंडर एम-८ हा २००६ चा. पण फिल्मचे कण कोणत्याही दिशेने आलेला प्रकाश सारख्याच आदराने घेतात, संवेदकाचे तसे नाही. त्याचे लक्षावधी बिंदू छोट्या आडांसारखे असतात आणि वर काचेची तावदानी. डोक्यावरून आलेला प्रकाश आडाच्या तळाशी पोचतो. फार तिरपा आला तर भिंतीवरच अडतो किंवा शेजारच्या आडात जातो. म्हणून त्याच सुरेख सममित लेन्स अंकीय कॅमेऱ्यावर लावल्या की कोपऱ्यांना जांभळट झाक येते आणि बारीक तपशील विरघळतो. कारखानदारांनी संवेदकावरची सूक्ष्मभिंगे कडेला सरकवून पाहिली, आणि लेन्सही बदलल्या. सुपर वाइड हेलिआरची २०१५ ची तिसरी आवृत्ती किरण सरळ पडावेत म्हणून नव्याने आखली. ती पहिलीच्या दुपटीहून जड आहे. आरसा गेला तरी त्याचे भूत राहिले म्हणायचे! म्हणून माझ्यासारखे काही लोक अजून फिल्मचा महाग रोल विकत घेतात. पहिल्या आवृत्तीची ती पाव शेरही न भरणारी लेन्स आपला खरा गुण फिल्मवरच दाखवते.

आता एका तक्रारीचा निकाल लावतो, कारण ती माझ्या घरातच उद्भवली. बहिणीकडे सत्यनारायण होता. माजघर लहान, माणसे वीस. मी २१ मिलिमीटरची लेन्स लावून दारात पाठ टेकली आणि सर्वांना एका चित्रात घेतले. मामी डाव्या टोकाला बसल्या होत्या. चित्र पाहून त्या म्हणाल्या, “मेल्या, माझं तोंड म्हणजे काय लाल भोपळा आहे का?” मी लेन्सची बाजू घेतली. ती लेन्स रेघा सरळ ठेवते, आणि सपाट फिल्मवर रेघा सरळ ठेवायच्या तर कडेच्या गोल वस्तू ताणाव्याच लागतात. यातून कोणतीही लेन्स सुटत नाही. या चित्राच्या बाजूच्या कडेला हा ताण सुमारे एक तृतीयांश भरतो, म्हणजे चेहरा रुंदीला सव्वापटीहून अधिक. भिंतीवर बॅटरी सरळ मारली तर गोल पडतो, तिरपी मारली तर अंडाकार, तोच प्रकार. आणि गंमत अशी की हा ताण खरे तर पाहणाऱ्याच्या जागेमुळे दिसतो. एक फूट रुंदीची प्रत घ्या, एक डोळा मिटा आणि दुसरा डोळा चित्राच्या मध्यासमोर सुमारे साडेसतरा सेंटिमीटरवर आणा. कडेचा चेहरा तिरपा दिसून पुन्हा गोल होतो. मी मामींना तसे करून दाखवायला गेलो. एवढ्या जवळून आपल्याला चष्म्यातूनही दिसत नाही, असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून गटाच्या चित्रात टोकाला मी खांब ठेवतो, नाहीतर धाकटी भाचरे ठेवतो. त्यांची तक्रार नसते.

ज्यांना यातले काही घ्यावेसे वाटत असेल त्यांनी मला विचारलेच तर मी २८ मिलिमीटर सांगेन. त्याचा कोन ७५ अंशांचा आहे, कोपरे फार बुडत नाहीत, माणसे ओळखू येण्यासारखी राहतात, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांच्या आतल्याच खिडकीत त्याची चौकट दिसते. २१ मिलिमीटरला वर वेगळी खिडकी बसवावी लागते; ती सुंदर असते, आणि गर्दीत हटकून पडते. १५ मिलिमीटर घ्यायची तर आपले बूट आणि आपली सावली चित्रात येणार हे धरून चालावे. जुनी लेन्स घेणार असाल तर ती उजेडाकडे धरून आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहा. कोकणच्या पावसात ठेवलेल्या लेन्समध्ये ते सापडण्याचा संभव अधिक.

आणि झाकण. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्सचे झाकण काढायचे राहिले तर समोर काळोख दिसतो आणि चूक तत्काळ उमगते. रेंजफाइंडरची खिडकी निराळी. तिच्यातून जग नेहमीसारखे लखलखीत दिसते, झाकण असो वा नसो. आषाढातल्या वारीत दिवे घाटाच्या चढणीवर मी एक सबंध रोल टिपला होता: टाळकरी, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया, पावसाची एक सर. रोल धुणाऱ्याने छत्तीस चौकटींची ती पट्टी उजेडासमोर धरून मला दाखवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती स्वच्छ, पारदर्शक होती.